सिग्नलवर काटा चढतो, गाडी पळाली की उतरतो: छोटी गाडी पुन्हा पुन्हा का तापते

मे महिन्यातली दुपार, एसी चालू, आणि इंदूरच्या जवाहर मार्गावर किंवा पळासियाच्या चौकात गाडी दोन-तीन सिग्नल अडकलेली. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकतो, एसीतून कोमट हवा येऊ लागते आणि थोड्या वेळात एसी आपोआप कट होतो. गर्दीतून सुटून बायपासला लागलं की पाच मिनिटांत काटा जागेवर. मारुती ८००, अल्टो, वॅगनआर, सँट्रो, इऑन, क्विड या गाड्यांची ही जुनीच तक्रार, आणि गॅरेजातले तिच्यावरचे उपायही ठरलेले: रेडिएटरमध्ये पाणी भरा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप) काढून टाका, पंखा डायरेक्ट करा, म्हणजे थेट बॅटरीला जोडून सतत चालू ठेवा. पंधरा दिवस बरे जातात आणि काटा पुन्हा वर.

या गाड्यांची कूलिंग सिस्टिम मुळात साधी आणि दणकट आहे. इंदूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हात, एसी लावून, ट्रॅफिकमध्ये उभं राहूनही ती पुरी पडते. त्यामुळे ‘ऊनच इतकं आहे, गाडी तापणारच’ हे कुणी सांगितलं तर मानू नका. एखादा भाग काम करत नाहीये, आणि तो कोणता हे गाडी कधी तापते त्यावरून बऱ्यापैकी कळतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढंच नीट पाहा: उभी असताना तापते, वेगात तापते, चढावर तापते, की सुरू करून चार मिनिटं होताहेत तोच तापते?

तापलीच तर आधी हे

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर जोरात लावा आणि काचा खाली घ्या. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच असतो. काटा लाल पट्टीच्या खाली असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. बंद केलं की वॉटर पंप थांबतो आणि हेडमधली (सिलिंडरवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागातली) उष्णता तिथेच साचते. न्यूट्रलमध्ये उभं राहून ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवा. मात्र वाफ दिसली, काटा लाल पट्टीत गेला किंवा तापमानाबरोबर बॅटरीचा दिवाही लागला, तर इंजिन ताबडतोब बंद. हे दोन्ही दिवे एकदम लागले याचा अर्थ बहुतेक वेळा बेल्ट तुटला आणि अल्टरनेटरबरोबर वॉटर पंपही थांबला. त्या अवस्थेत ‘घर जवळच आहे’ म्हणून गाडी रेटली की हेडचं काम निघालंच समजा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हात भाजून घेतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सिस्टिममध्ये दाब असल्यामुळे १०५ अंशांचं पाणीही आत शांत असतं. झाकण सुटलं की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून उसळतं. निदान पाऊण तास थांबा. वरची जाड नळी हातात दाबता येते आणि दाबल्यावर मऊ लागते, तेव्हाच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणं हेही हेडला तडा जाण्याचं कारण ठरतं.

कधी तापते त्यावरून काय कळतं

उभी असताना तापते आणि चालू लागली की उतरते, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतंय, पण रेडिएटरवरून हवा जात नाहीये. गाडी पळते तेव्हा वाऱ्याने जे होतं, ते उभी असताना पंख्याने व्हायला हवं. या तक्रारीत दहातल्या सात-आठ गाड्यांचं दुखणं इथेच सापडतं, म्हणून पंख्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

शहरात ठीक, पण वेगात किंवा घाटात तापत असेल तर हवा भरपूर आहे, कूलंटचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, बेल्ट ढिला किंवा पंपाची पाती गंजलेली, यांपैकी काहीतरी.

थंड गाडी सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच काटा वर धावत असेल तर थर्मोस्टॅट बंदच अडकला आहे, आत हवा कोंडली आहे किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातलं सील) गेलं आहे. काटा एकदम उडी मारून परत खाली येत असेल तर बहुधा हवेचा बुडबुडा, किंवा सेन्सरचा कनेक्टर ढिला.

आता काट्याविषयी. तो आळशी असतो. बऱ्याच गाड्यांत साधारण ८० ते १०० अंशांपर्यंत तो मध्यावरच उभा राहतो. आणि कूलंट फार कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर येतो, मग इंजिन भाजत असतानाही काटा खाली दाखवतो. नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच दिलेला नाही, फक्त निळा-लाल दिवा. तो लाल होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी १६ पिनचा सॉकेट असतो. त्यात बसणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं कुठलंही साधं ॲप घेतलं की तापमान अंशांत दिसतं. पुढच्या सगळ्या तपासण्या त्याने निम्म्या वेळात होतात.

पंखा: आधी हाच तपासा

थंड इंजिनावर आधी नुसता हात. इग्निशन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून पंख्याचं पातं बोटाने फिरवा. ते सहज फिरून हळूच थांबलं पाहिजे. खरखर लागली, अडकलं किंवा पातं पुढे-मागे हललं तर मोटरचं बुश-बेअरिंग गेलंय.

आता वायर परत लावा, गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लागला की काही सेकंदांत पंखा सुरू होतो. काही मॉडेलांत रेडिएटरला एक आणि कंडेन्सरला (रेडिएटरपुढची एसीची जाळी) वेगळा असे दोन पंखे असतात. तिथे एक फिरतोय म्हणून समाधान मानू नका, दोन्ही पाहा. नंतर एसी बंद करून इंजिन तसंच चालू ठेवा. ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान पंखा लागला पाहिजे आणि पाच-सहा अंश उतरल्यावर बंद झाला पाहिजे. एसीवर लागतो आणि नुसत्या तापमानावर लागत नाही, तर मोटर ठीक आहे, दोष सेन्सरच्या बाजूला आहे. दोन्ही वेळा लागत नसेल तर मोटर, फ्यूज, रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) किंवा वायर.

फ्यूज काढून उजेडात धरा. जळालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका आणि तो का जळाला हे शोधा. मोटर जाम होऊ लागली की ती जास्त करंट ओढते. ‘मोठा टाकून देतो, परत जळणार नाही’ म्हणणाऱ्याला थांबवा, पुढची पाळी वायरिंगची असते. रिले तपासायची सोपी युक्ती म्हणजे अदलाबदल. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा कुठला तरी त्याच आकाराचा, त्याच नंबरचा रिले असतो. तो पंख्याच्या जागी लावून बघा. रिले काढल्यावर त्याच्या पिना आणि सॉकेटचं प्लास्टिक नीट न्याहाळा. तपकिरी पडलेलं, वितळलेलं प्लास्टिक हाच खरा गुन्हेगार असतो. नवा रिले त्याच ढिल्या पिनांवर बसवला की महिन्याभरात तोही जळतो, आणि बिल मात्र दर वेळी रिलेचं होतं.

मोटरचा कनेक्टर काढून बॅटरीवरून थेट दोन वायरी द्या. फिरली आणि जोरात फिरली तर ठीक. इथे ‘जोरात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कार्बन ब्रश झिजलेली मोटर फिरते, सगळे म्हणतात पंखा चालतोय, आणि हवा निम्मी येते. एक कागद पुढच्या जाळीपाशी धरा. रेडिएटरमागचा पंखा चांगला असेल तर कागद ओढला जाऊन जाळीला चिकटून राहतो. कागद बाहेर फेकला जात असेल तर मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या गेल्यात आणि पंखा वाऱ्याच्या विरुद्ध फुंकतोय. असं होतं, आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पंखा ‘चालू’ असतो.

मल्टिमीटर असेल तर पंखा फिरत असताना कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. कनेक्टरवर त्यापेक्षा अर्धा व्होल्ट कमी भरले तर ठीक, एक-दीड व्होल्ट कमी भरले तर वाटेत कुठेतरी गंज आहे. बहुतेकदा तो अर्थच्या बोल्टखाली असतो. बोल्ट सोडा, टर्मिनल आणि पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, परत आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. खर्च शून्य.

मोटर ठीक, रिले ठीक, तरी तापमानावर पंखा लागत नसेल तर सेन्सर. इंजेक्शनच्या मारुती गाड्यांत पंखा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) चालवतो आणि त्याला तापमान कळतं ते दोन पिनांच्या सेन्सरवरून. या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम आणि ८० अंशांना ०.३ किलोओहमच्या आसपास असतो. गरम होताना आकडा एकसारखा उतरला पाहिजे. मध्येच उड्या मारत असेल तर सेन्सर बदला. झटपट चाचणी हवी असेल तर इंजिन चालू असताना सेन्सरचा कनेक्टर काढा. ईसीयूला सेन्सर सापडला नाही की तो बचाव म्हणून पंखा चालू करतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, कनेक्टर लावल्यावर कोड पुसून घ्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या ८०० मध्ये हेच काम थर्मो स्विच करतो. त्याच्या वायरी आपसांत जोडल्यावर पंखा लागला तर स्विच गेला.

पंखा डायरेक्ट करण्याबद्दल: रस्त्यात अडकलात, घरी पोचायचंय, तर जरूर करा. पण कायमचा डायरेक्ट म्हणजे सकाळच्या थंड इंजिनावरही पंखा, मोटरचं आयुष्य निम्मं, आणि खरा दोष झाकलेला. डॅशबोर्डखाली रिलेशिवाय लावलेलं खटक्याचं बटण त्याहून वाईट. पंख्याचा ६ ते १० अँपिअर करंट त्या बारक्या बटणातून जातो आणि एक दिवस जळका वास येतो.

पंखा उत्तम आहे आणि तरी उभी असताना तापते? मग टॉर्च घेऊन कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघा. पुढून जाळी स्वच्छ दिसते, पण फटीत धूळ, किडे, झाडांचा कापूस आणि वाळकी पानं यांचा जाड थर बसलेला असतो. शहरात जागोजागी खोदकाम चाललेलं असलं की हा थर लवकर जमतो. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, साध्या बागेच्या पाइपने. धुलाई सेंटरचं प्रेशर जवळून मारलं की ॲल्युमिनियमचे पातळ पंख आडवे पडतात आणि मग हवा कायमची अडते. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच तुटलं असेल किंवा अपघातानंतर बसवलंच नसेल तर तेही लावून घ्या. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढायचं सोडून आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. आणि तापायला सुरुवात एसीचा गॅस भरल्यानंतर झाली असेल तर गॅस जास्त भरला गेलाय का ते गेज लावून बघायला सांगा.

झाकण

कूलिंगमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. झाकणात दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगची झडप दाब धरून ठेवते आणि ठरलेल्या दाबावर जादा कूलंट रिझर्व्ह टाकीत सोडते. मधली छोटी झडप गाडी थंड होताना ते परत आत ओढून घेते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. ०.९ च्या दाबाला इंदूरच्या उंचीवर साधं पाणी साधारण ११७-११८ अंशांना उकळतं, निम्मं कूलंट असेल तर १२५ च्या आसपास. रबर कडक होऊन झाकण दाब धरेनासं झालं की ही सगळी सवलत गेली, आणि तेच पाणी शंभराच्या आतच उकळायला लागतं.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. रिझर्व्ह टाकी वरपर्यंत भरलेली आणि रेडिएटर मात्र खाली, म्हणजे छोटी झडप परत ओढत नाहीये. (टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरली असेल तरी हेच होतं, कूलंटऐवजी हवा ओढली जाते.) सकाळी थंड गाडीची वरची नळी चपटी झालेली दिसली तरी तीच झडप. रबराला चिरा, कडेला पांढरा क्षार, स्प्रिंगला गंज दिसला तर विचार न करता बदला. नवं घेताना आकडा जुळवूनच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं की बळी जातो तो रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा.

पाणी की कूलंट

माळव्यात काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे आणि बोरिंगचं पाणी जड. कॉलनीतल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनाच्या आतल्या वाटांवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. त्यातून उष्णता बाहेर पडत नाही. नर्मदेचं नळाचं पाणी पिण्याला गोड असलं तरी त्यातही क्षार असतातच आणि गंजरोधक काहीच नसतं. म्हणून ‘थोडंच कमी आहे, बाटलीतलं टाकू’ ही सवय मोडा. डिक्कीत एक लिटर तयार कूलंट ठेवा. रस्त्यात नाइलाजाने साधं पाणी टाकावं लागलं तर टाका, पण घरी आल्यावर पूर्ण बदला.

बदलताना एक हिशेब हमखास चुकतो. यातल्या बऱ्याच गाड्यांत सगळं मिळून साधारण साडेतीन ते चार लिटर बसतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. खालची नळी सोडली की त्यातला बराच भाग निघतो, पण इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये उरलेलं तसंच राहतं. त्यामुळे धुलाईनंतर तयार मिश्रणाचं कूलंट ओतलं की आत उरलेल्या पाण्याने ते पातळ होतं. यावर उपाय म्हणजे धुलाई केली असेल तर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या. एकूण क्षमता ३.६ लिटर असेल तर १.८ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि बाकीची जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा, म्हणजे प्रमाण निम्मं-निम्मं पडतं. इंदुरात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, पण कॉन्सन्ट्रेट फार कमी केलं तर गंजरोधकही कमी होतो. उलट साठ टक्क्यांच्या वर नेलं तर मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते. हिरवं, निळं, लाल या रंगांवरून कूलंटचा प्रकार नक्की ठरत नाही. दोन रंग किंवा दोन प्रकार एकत्र करू नका.

धुलाई अशी: इंजिन पूर्ण थंड, हीटर गरमवर, झाकण काढून खालची नळी सोडा, निघालेलं घमेल्यात धरा. नळी लावा, डिस्टिल्ड वॉटर भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत म्हणजे खालची नळी गरम होईपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि परत काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. गंजाची लाल माती येतच राहिली तर रेडिएटर काढूनच बघावा लागेल. घमेलं अंगणात उघडं ठेवू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री आणि गायी ते चाटतात.

भरल्यानंतर हवा काढणं हा अर्धा कामाचा भाग, आणि घाईत तोच राहतो. गाडीचं तोंड चढावर ठेवा किंवा पुढची चाकं रॅम्पवर घ्या. झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन आयडलवर. वरची-खालची नळी हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना परत बघा, थोडं कमी झालेलं असतंच.

गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा घरगुती उपाय अजून चालतो. हळद छिद्रही बुजवते आणि हीटरच्या बारीक नळ्याही. दुकानातली गळतीरोधक पावडरही त्याच जातीची. हळद स्वयंपाकघरातच बरी.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाला तो उघडू लागतो. तपासायचा तर पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी लटकवलेला आणि एक थर्मामीटर. ८२ च्या थर्मोस्टॅटने ८२ ला हलायला लागून ९५ पर्यंत ८ मिलिमीटर तरी उघडायला हवं. अर्धवट उघडून थांबला तर वेगात तापण्याचं कारण सापडलं. बसवताना त्याचा छोटा हलता खिळा वरच्या बाजूला ठेवा, कोंडलेली हवा तिथून निघते. रबर सील नवी घाला.

काढून टाकल्यावर गाडी तापायची थांबते असं पुष्कळ लोक सांगतात, आणि काही दिवस तसं दिसतंही. पण मग इंजिन कधीच योग्य तापमानाला येत नाही. ईसीयूला वाटतं इंजिन थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, तेलात पेट्रोल उतरतं, जानेवारीच्या सकाळी हीटर गार हवा फेकतो. छोटी गाडी ॲव्हरेजसाठी घ्यायची आणि तेच घालवायचं, याला काय म्हणावं? काढून टाकल्यावर खरंच फरक पडला असेल तर दोष थर्मोस्टॅटमध्येच होता, तेव्हा नवा बसवा.

घाटात तापत असेल तर

ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट, किंवा धुळ्याकडून येताना सेंधव्याआधीचा बिजासन आणि खलघाटानंतर मानपूरपर्यंतचा चढ. नर्मदेच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर यायचं म्हणजे सुमारे चारशे मीटर चढायचं, तेही पाच माणसं आणि सामान घेऊन, ८०० सीसीवर. रेडिएटरची खरी परीक्षा इथे.

आधी बेल्ट बघा. अंगठ्याने मधोमध जोराने दाबल्यावर तो ५ ते ९ मिलिमीटर दबावा. जास्त दबला, सुरू करताना किंचाळला किंवा आतून गुळगुळीत चकाकत असला तर पंप हवा तितका फिरत नाही. पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं. त्याखाली कूलंटचा वाळलेला ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं, पंप बदला.

मग रेडिएटर. गाडी चालवून आणल्यावर इंजिन बंद करा, पंखा अचानक लागू शकतो म्हणून त्याचा कनेक्टर काढा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या पूर्ण अंगावर तापमान घ्या. ते एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश उतरत जायला हवं. मध्येच थंड पट्टे सापडले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवता यायची. आताचे ॲल्युमिनियमचे, वर प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर तसे उघडत नाहीत. ते चोंदले की नवाच घ्यावा, ॲसिडने धुवून घेण्यात पैसे घालवू नका.

चालवण्यातही फरक पडतो. चौथ्या गिअरमध्ये रडत-रडत चढवण्यापेक्षा वेळीच तिसरा-दुसरा टाका आणि इंजिन २५००-३००० फेऱ्यांवर ठेवा. पंप जोरात फिरतो आणि इंजिनावर ताण कमी येतो.

हेड गॅस्केट

कुठे थेंबही गळत नाही, तरी दर आठवड्याला कूलंट कमी होतं, तर हा संशय घ्या. सकाळी थंड इंजिनाचं झाकण काढून गाडी सुरू करा. मिनिटभरानंतरही बुडबुडे एकसारखे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. झाकण लावून सुरू केल्यावर इंजिन कोमट व्हायच्या आतच वरची नळी दगडासारखी टणक झाली, तरी तेच. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, तेलाच्या काडीवर दुधी चहाच्या रंगाचं तेल ही पुढची लक्षणं. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टरचं निळं द्रव असतं, जळलेला वायू लागला की ते पिवळं पडतं. हेड उघडलं तर नुसतं गॅस्केट बदलू देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि तापून वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजायला लावा, ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर सरफेसिंग करूनच बसवा. नाहीतर सहा महिन्यांत तोच खर्च परत.

सीएनजी किट असेल तर

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये रिड्यूसरला (सीएनजीचा दाब कमी करणारा भाग) ऊब द्यायला हीटरच्या नळीला टी जोडून कूलंट फिरवलेलं असतं. म्हणजे गळायच्या चार जागा वाढल्या. क्लॅम्प सैल होऊन तिथे थेंब-थेंब जातो आणि गरम इंजिनावर वाळून जातो, म्हणून जमिनीवर काही दिसत नाही. टीभोवती हिरवट-पांढरा डाग शोधा. रिड्यूसर रेडिएटरच्या झाकणापेक्षा वर बसवला असेल तर हवा तिथेच कोंडते आणि कितीही भरलं तरी काटा उड्या मारत राहतो. अशा वेळी त्याला खाली हलवणं हाच इलाज. आणि सीएनजीवर चालताना भर उन्हाळ्यात रिड्यूसरवर दव किंवा बर्फ जमलेला दिसला तर तिथपर्यंत गरम कूलंट पोचतच नाहीये. काटा काही दाखवत असला तरी गाडी तिथेच थांबवा, थंड होऊ द्या आणि पातळी बघा.

कुठलाही भाग बदलल्यावर खात्री करायची ती अशी: दुपारी, सावलीत नाही, उन्हात गाडी उभी करून एसी पूर्ण लावा आणि वीस मिनिटं आयडलवर ठेवा. डोंगलवर तापमान ८५ ते १०० च्या मध्ये वर-खाली होत राहिलं पाहिजे. १०५ पार करून चढतच गेलं तर काम झालेलं नाही, पैसे देण्याआधी तिथेच दाखवा. मग रिझर्व्ह टाकीवर थंड असताना मार्करने रेघ मारून तारीख लिहा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. रेघ बोटभर खाली गेली तर पुठ्ठ्याचा तुकडा रात्री इंजिनाखाली ठेवा. डाग ज्या जागी पडेल त्याच्या बरोबर वर बघायला सुरुवात करा. पुठ्ठा कोरडाच राहिला तर पुढच्या पायमॅटखाली हात घाला. तिथे चिकट ओल लागली आणि काचेच्या आतून तेलकट धुकं धरत असलं तर गळती हीटरच्या कोअरमध्ये आहे.